ओट्यावरच्या तोट्या

मोटारीच्या मागं, धूर बाहेर पडतो त्या नळीच्या टोकाला, स्टीलची एक चकचकीत तोटी बसवलेली असते. ती सगळ्यांनी पाहिलेली असते, पण वाकून कुणी पाहत नाही. मी पाहते. दौंडात स्टेशनसमोर, मंगल कार्यालयाबाहेर, दवाखान्याच्या दारात, कुठंही गाड्यांची रांग दिसली की माझी मान आपोआप खाली जाते आणि माझा मुलगा मला दंडाला धरून पुढं ओढतो. एकदा एका गाडीवाल्यानं काळजीनं विचारलं, "आजी, काही पडलं का तुमचं?" मी म्हटलं, "नाही बाबा, हिची आतली कड नीट घासलेली नाही, तेवढं बघत होते." तो बिचारा गाडीत बसला आणि काचा वर करून निघून गेला. मुलगा त्या दिवशी माझ्याशी जेवणापर्यंत बोलला नाही. त्याचं काही चुकत नाही. त्याला आमचा ओटा माहीत नाही.

आमची वाडी शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या अलीकडं. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती विकली आणि थोडक्या जमिनीवर शेती धरली, पण मन काही मेंढरांतून निघालं नाही. शेतातलं काम उरकलं की ते दारातल्या लिंबाखाली बाज टाकून पडायचे आणि तिथून सगळ्या जगावर देखरेख करायचे. कोण शिरूरला चाललं, कुणाच्या घरी पाव्हणे आले, कुणाची शेळी कुणाच्या रानात शिरली, हे सगळं बाजेवरून. देखरेख करणाऱ्यानं स्वतः हात लावायचा नसतो असं त्यांचं मत होतं आणि ते मत त्यांनी आयुष्यभर पाळलं. आई मात्र दिवस उगवला की लोकांच्या कांद्यात खुरपायला जायची. संध्याकाळी घरी आली की उंबऱ्यावर बसून दोन्ही गुडघे हातांनी दाबत राहायची आणि एक अक्षर बोलायची नाही. मी तेव्हा शिरूरला कॉलेजात जात होते. पुस्तकात काहीबाही वाचायचे आणि घरी येऊन आईचे गुडघे चेपायचे.

आईला एकच नाद होता, भांडी घासायचा. आमच्या घरची भांडी कुंपणावर वाळत घातली की रस्त्यानं जाणारा माणूस डोळ्यांवर हात धरायचा. तळाला करपल्याचा एवढासा डाग राहिला तरी तिला तो बाईच्या अब्रूवरचा डाग वाटे. शेजारणीच्या घरी चहा प्यायला गेली तरी आधी पातेल्याचं बूड बघायची आणि मग चहाची चव सांगायची. या नादापायीच तोट्या आमच्या घरात आल्या. शिरूरच्या जुन्या मिशन बंगल्यापाशी राहणारा सॅम्युएल नावाचा पोरगा सणसवाडीला एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर होता. त्याची आई आमच्याकडून शेळीचं दूध न्यायची. एका सकाळी आईऐवजी तो आला, कुंपणाजवळ स्कूटर उभी केली आणि एका तांब्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं दुधाचं सोडून भलतंच विचारलं, "मावशी, हे मशीनवर घासलंय का?"

"मशीन कुठलं आलंय," आई म्हणाली. "राख आन् चिंच."

त्याच्या कारखान्यात मोटारीच्या तोट्या व्हायच्या. बाहेरून चमक आणायला फिरतं चाक होतं, पण ते चाक आतल्या कडेला, वाकणात आणि जोडाच्या खाचेत पोचत नसे. तिथं माणसाचं बोटच लागायचं आणि कारखान्यातली बोटं कंटाळा करायची. दुसऱ्याच दिवशी सॅम्युएल स्कूटरच्या पायाशी एक खोकं घेऊन आला. त्यात गोणपाटात गुंडाळलेल्या तोट्या, काळे पॉलिश पेपर आणि एक हिरवी कांडी. कांडीला तो साबण म्हणायचा, पण तिला फेस येत नव्हता. आधी ओल्या जाड्या पेपरानं घासायचं, मग बारक्या, मग त्याहून बारक्या आणि शेवटी फडक्याला तो साबण लावून हात दुखेपर्यंत चोळत बसायचं. काळं पाणी निघायचं, कोपरापर्यंत ओघळायचं आणि ओट्यावरून शेणाच्या सारवणावर उतरायचं. दिवसभर घरात खर्र खर्र असा एकच आवाज. भाकरीवर आईच्या बोटांचे करडे ठसे उमटायचे. आप्पा भाकरी उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "हिला पण पालिश केलंय जणू." पिठल्याला, शेंगदाण्याच्या चटणीला, सगळ्याला त्या हिरव्या साबणाचा किंचित वास यायचा. मला तर आजही पिठलं म्हटलं की तो वास आठवतो. तसं पिठलं आता कुठं मिळणार?

आई बदलली. ती सावलीत, आपल्या ओट्यावर, पाय पसरून बसायला लागली. सॅम्युएल नग मोजताना चर्चमधली गाणी गुणगुणायचा. आईनं त्यांतल्या चाली उचलल्या, शब्द काही उचलले नाहीत, आणि त्या चालींवर तिचा हात फिरायला लागला. देव्हाऱ्यात बिरोबाचा अंगारा आणि ओट्यावर ही गाणी, यात तिला काहीच वावगं वाटलं नाही. तोटी झाली की ती तोंडासमोर धरून त्यात कपाळाचं कुंकू बघायची. कुंकवाची कड स्वच्छ दिसली की तोटी पास. गोल तोटीत तिचं तोंड दुधीभोपळ्याएवढं लांब व्हायचं आणि ती स्वतःलाच हसायची. आईला एकटीनं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ते बघून मला इतकं बरं वाटायचं की मी उगाच मध्येच तिच्या गळ्यात पडायचे आणि ती काळ्या हातानं मला ढकलून द्यायची.

आप्पांना मात्र हे काम मुळीच पसंत नव्हतं. "घरात सायकल न्हाई आन् मोटारीचं बूड घाशीत बसायचं," हे ते रोज नव्यानं सुचल्यासारखं म्हणत. त्यात घोंगडीचं प्रकरण झालं. दुकानातल्या फडक्याचे धागे सुटायचे आणि खाचेत अडकायचे. आईनं पेटीतून आजोबांची जुनी घोंगडी काढली. धुऊन धुऊन ती इतकी मऊ आणि दाट झाली होती की साबण तिच्यावर बसला तर बसला. आईनं तिचा एक कोपरा कापला, चोळून पाहिला, आणि तोटी अशी उजळली की सॅम्युएलनं तीन वेळा विचारलं, हे कसलं कापड. आप्पांना कळलं तेव्हा ते पहिल्यांदा बाजेवरून ताडकन उठले. "माझ्या बापानं ही पांघरून सारं रान तुडवलं. आन् तू ती मोटारीच्या बुडाला लावलीस?" उरलेली घोंगडी त्यांनी उचलली, घडी करून उशाला घेतली आणि बाज फिरवून ओट्याकडं पाठ केली. पाठमोऱ्यानंच निकाल दिला. "करा काय करायचं ते. पर एक तक्रार येऊ दे. एक. त्या दिवशी हे समदं बंद, आन् खुरपं हातात."

आई म्हणाली, "बरं." आप्पा एकदा बोलले की त्यांचा शब्द बदलत नसे, याची वाडीभर ख्याती होती. ती ख्याती मला तेव्हा फार जड वाटली. तिचे गुडघे पुन्हा कांद्यात जाणार की ओट्यावर राहणार, हे आता सणसवाडीतल्या कुणा अनोळखी माणसाच्या समाधानावर ठरणार होतं. मी कॉलेजातून येताना लांबूनच कान द्यायचे. खर्र खर्र ऐकू आलं की पाय हलके व्हायचे.

मग निळ्या तोट्या आल्या. त्या दिवशी आई गिरणीत गेली होती आणि मी कॉलेजात. सॅम्युएल घाईत होता. खोकं ओट्यावर ठेवून, काय सांगायचं ते बाजेवरच्या पाठीला सांगून तो निघून गेला. आई दळण घेऊन आली, खोकं उघडलं आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक तोटीच्या टोकाला निळं-जांभळं कडं. दूध लागलेल्या पातेल्याच्या बुडाला येतं ना, अगदी तसं. "पोरांनी माल जाळला बघ," आई मला म्हणाली. "सॅम्युएल बिचारा शरमंनं थांबलाबी न्हाई." त्या पोराची लाज आपण राखायची, असं तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. मीही पदर खोचला. आम्ही दोघी मायलेकी रोज मान मोडेपर्यंत ते निळं काढत होतो. चिंच लावली, बारका पेपर लावला, घोंगडीचा तुकडा पार झिजवला. शेवटची तोटी पांढरी लख्ख झाली तेव्हा आईनं ती मांडीवर ठेवून लेकरासारखी थोपटली.

सॅम्युएल माल बघायला आला तो बाजाराचा दिवस होता. आप्पा शिरूरला गेले होते, हे आमचं नशीब. त्यानं गोणपाट बाजूला केलं आणि तो हळूच ओट्यावर टेकला.

"मावशी, निळं कुठं गेलं?"

"काढलं की," आई म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "लई चिवट हुतं. पर एकीवरबी ठिवलं न्हाई."

सॅम्युएलनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. तोट्या तशाच होत्या. मग त्यानं सांगितलं की ते निळं मुद्दाम आणलेलं असतं. गॅसच्या ज्योतीवर तापवून. शौकिनांना ते फार आवडतं, आणि हा सगळा माल त्या निळ्यासाठीच मागवलेला होता. आमचं काम होतं फक्त आतली कड घासायचं.

आईनं एक तोटी उचलून तिचं टोक निरखलं. मग म्हणाली, "म्हंजी लोकं जाळलेलं इकत घेत्यात?"

"व्हय."

"बाईनं असं पातेलं दिलं आस्तं तर सासूनं घराबाहेर काढलं आस्तं."

तिला खरोखर पटत नव्हतं, पण सॅम्युएलचा चेहरा बघून ती वाद घालायची थांबली. ज्योतीवर रंग आणणारा कारागीर लग्नासाठी बिहारला गेला होता आणि दुसऱ्या कुणाला ते जमत नव्हतं. माल दोनच दिवसांत न्यायचा होता. सॅम्युएलनं बाजेकडं बोट दाखवून काहीतरी विचारायला तोंड उघडलं, मग बाज रिकामी आहे हे बघून मिटलं. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

आईनं एक तोटी लगेच चुलीवर धरली. ती निळी व्हायची सोडून धुरानं काळीठिक्कर झाली. सॅम्युएल म्हणाला, धूर नको, नुसता धगधगीत जाळ पाहिजे, आणि तोटी सारखी फिरली पाहिजे. आई चुलीपुढं बसल्या बसल्या एकदम म्हणाली, "दादाचं गुऱ्हाळ." माझ्या मामाचं गुऱ्हाळ होतं दौंड तालुक्यात, कासुर्डीजवळ. हंगाम चालू होता. उसाच्या वाळल्या चिपाडांवर रात्रंदिवस पेटलेल्या त्या चुलवणाच्या तोंडाशी उभं राहिलं की भुवया करपायच्या. त्याहून धगधगीत जाळ आमच्या माहितीत नव्हता.

अडचण आप्पांची होती. त्यांच्यापासून लपवून जायचं, तर कारण सांगायचं काय? आई संध्याकाळी म्हणाली, "दादाकडं जाऊन येती. गूळ संपलाय." झालं. काकवी म्हणजे आप्पांचा जीव की प्राण. जगात कुठंही काकवी निघत असेल तर तिथं आपण हजर असलं पाहिजे असं ते मानत. सकाळी आमच्या आधी ते फेटा बांधून रस्त्यावर उभे. तोट्या आम्ही गोणीत भरल्या आणि वर भाकरी, कांदे आणि मामीसाठी नेलेली मेथी पसरली. जीपमध्ये गोणी आप्पांच्याच पायांशी आली. खड्ड्यात गाडी आपटली की गोणीतून टणटण आवाज यायचा. आप्पा गोणीकडं बघायचे, मग आईकडं. आई खिडकीबाहेर बघायची. चौफुल्याला गाडी बदलताना आप्पा एवढंच म्हणाले, "मेथी लई वाजती तुझी."

मामानं सगळं ऐकून आधी पोटभर हसून घेतलं. मग आप्पांना कढईपासून लांब, पाचटाच्या सावलीत बसवलं आणि काकवीनं भरलेलं ताट पुढं ठेवलं. वर शेंगदाणे, सोबत गरम भाकरी. "दाजी, सावकाश होऊ द्या," असं म्हणून तो दर थोड्या वेळानं ताट भरत राहिला. आप्पांचे डोळे जड झाले, मान छातीवर आली आणि फेटा एका कानावर उतरला. इकडं आईनं लांब सळईत तोटी ओवली आणि चुलवणाच्या कडेच्या भोकापाशी, जिथं धूर नाही नुसती धग आहे, तिथं कणीस भाजावं तशी फिरवायला लागली. आधी तुपासारखा रंग आला, मग तांबूस, मग वांग्यासारखा, आणि त्यातून एकदम निळा उमलला. "काढ," मी ओरडले. आईनं सळई मागं घेतली. तोटीच्या टोकाला सारखं, गोल, निळं कडं होतं. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. आईच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलं होतं.

गुऱ्हाळावरचा गुळव्या फार मानी माणूस होता. रस कधी उतरवायचा हे तोच ठरवणार, त्याच्या कढईजवळ मोठ्यानं बोललेलं त्याला खपत नसे. पण त्यालाही या प्रकाराचा मोह झाला. "आजून थोडं, आजून थोडं," असं सांगून त्यानं एक तोटी पार राखेच्या रंगावर नेली आणि मग "स्टीलच हलकं हाय" असं म्हणून आपल्या कढईकडं गेला. ती तोटी आईनं परत घासून परत भाजली. दुपार उतरेपर्यंत गोणी जवळजवळ रिकामी झाली. आता एखाददुसरीच राहिली होती, आणि तेवढ्यात आमच्या मागून आवाज आला.

"ही मेथी हाय का?"

आप्पा उभे होते. फेटा हातात, मिशांना काकवी. आईच्या हातातली सळई तशीच जाळात राहिली. मला वाटलं, संपलं सगळं. माझ्या डोळ्यांसमोर कांद्याचे वाफे आणि आईची वाकलेली पाठ आली. आईनं खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. हळू आवाजात सगळं सांगितलं. निळं काढलं, ते काढायचं नव्हतं, पण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. "तो पोरगा तवा घाईत हुता. काय सांगाया विसरला आसंल."

आप्पांनी मिशा पुसल्या, फेटा पुसला, परत मिशा पुसल्या. मग खाली बघून म्हणाले, "विसरला न्हाई. कायतरी म्हणत हुता खरा. बाहीरनं हात लावू नका, का कायतरी."

"कुणाला म्हणत हुता?"

"मलाच. मी व्हय म्हनलं."

आईनं त्यांच्याकडं असं बघितलं की मामा तिथून उठून उसाच्या मोळ्या मोजायला गेला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आप्पांना ते बघणं सहन होईना. त्यांनी पुढं होऊन तिच्या हातातून सळई घेतली. "सर तिकडं. आसं लांबनं धरत्यात व्हय? आम्ही रानात आख्खं कोकरू भाजायचो." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी देखरेख सोडून स्वतः हात लावला होता. तोटी त्यांनी फिरवली मात्र छान. निळा उमलला, आप्पांचा चेहरा उजळला, आणि रंग नीट दिसावा म्हणून त्यांनी सळई उन्हाकडं उंच धरली. उन्हाच्या आणि त्यांच्या मध्ये कढई होती. तोटी सळईवरून घसरली आणि उकळत्या गुळात गेली.

चर्र असा आवाज झाला. गुळाचा एक बुडबुडा वर आला आणि फुटला. गुळव्यानं डोक्यावरचा गमछा काढून जमिनीवर आपटला आणि आमच्या चार पिढ्यांचा उद्धार केला. आप्पा रिकाम्या सळईकडं बघत राहिले. "पडली," ते म्हणाले.

मळी काढायच्या झाऱ्यानं तोटी बाहेर काढली. तिच्यावर बोटभर गुळाचा थर होता. मामाच्या पोरांनी तो चाटायला घेतला, ते मामीनं थांबवलं. आईनं कढत पाण्यानं ती धुतली, पुसली, परत पुसली. रंग शाबूत होता, उलट इतरांपेक्षा गडदच. नग मोजून द्यायचे होते, ती टाकणं शक्य नव्हतं. परतीच्या जीपमध्ये गोणी आप्पांनी मांडीवर घेतली होती. मामानं दिलेली गुळाची ढेप आईच्या मांडीवर होती आणि जीपभर तिचा वास होता.

माल गेला. सॅम्युएल एकेक तोटी बघून इतका खूश झाला की जाताना त्याचं गाणं रस्त्यापर्यंत ऐकू आलं. मला वाटलं, सुटलो. पुढच्याच आठवड्यात तो परत आला, आणि या वेळी गात नव्हता. "मावशी, मालकांनी बोलावलंय. आप्पा, तुम्हालाबी." काय झालं ते त्याला सांगता येईना. तो फक्त म्हणाला, "तक्रार हाय."

तो शब्द ओट्यावर पडला. आईनं हातातली तोटी खाली ठेवली, साबण कागदात गुंडाळला, पेपर एकावर एक रचले आणि सगळं कोनाड्यात ठेवून दिलं. घरातून कुणी कायमचं जाणार असलं की सामान जसं आवरतात, तसं ते आवरणं होतं. मग ती धुतलेलं लुगडं नेसून आली. मी हट्टानं बरोबर गेले.

सणसवाडीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मालक खुर्चीवर बसले होते आणि समोर टेबलावर एक खोकं होतं. खोक्यातून मुंग्यांची रांग निघून टेबलाच्या पायावरून खाली उतरत होती, शिस्तीत. एक कामगार झाडूनं त्यांना हाकलत होता. "मालिक, इसके अंदर से आ रही है," त्यानं एक तोटी उचलून दाखवली. मालकांनी आमच्याकडं बघितलं.

"बाई, हा माल गाडीला लावायचा की सत्यनारायणाला ठेवायचा?"

त्या तोट्या दुहेरी पत्र्याच्या होत्या. आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा यांच्या पोकळीत गूळ शिरला होता, तो कुणाला दिसला नव्हता. मुंग्यांना दिसला. मालकांनी आता दुसरी एक तोटी उचलली, उजेडात फिरवली. "आणि हा रंगही आमच्याकडचा नाही. हे काय आहे?" सॅम्युएल आपल्या बुटांकडं बघत होता. आईचे ओठ हलले. ती सगळं सांगणार, सगळं आपल्यावर घेणार, हे मला दिसत होतं. तेवढ्यात आप्पा पुढं झाले. त्यांनी फेटा नीट केला, जणू गावच्या पंचायतीत उभे आहेत.

"सायेब, एक इचारू? ही तक्रार कामाची हाय, का गुळाची?"

मालक गोंधळले. "म्हणजे?"

"काम बघा. कड बघा, खाच बघा, रंग बघा. त्यात काय वावगं आसंल तर बोला."

मालकांनी खरंच बघितलं. एक तोटी, दुसरी, तिसरी. बोट आतून फिरवलं. कुठं अडलं नाही. निळं कडं फिरवून फिरवून पाहिलं. "कामात..." ते म्हणाले, "नाही. कामात काही नाही. उलट रंग सारखा आलाय."

"मग ही तक्रार गुळाची हाय," आप्पा म्हणाले. "आन् गूळ माझा. निरोप मी खाल्ला, तोटी मी पाडली. ह्या बाईच्या कामाची तक्रार आजूनपर्यंत आल्याली न्हाई."

आई त्यांच्याकडं बघत राहिली. मला मोठ्यानं रडू आलं, आणि सॅम्युएलनं घाईघाईनं मला पाण्याचा ग्लास दिला. मालकांनी सगळी हकिगत परत पहिल्यापासून ऐकून घेतली. चुलवणापर्यंत ते गंभीर होते, कढईपाशी त्यांनी तोंडावर रुमाल धरला. शेवटी त्यांनी मुंग्यांची तोटी आप्पांच्या हातात दिली आणि आईला म्हणाले, "पुढच्या वेळी पुसायच्या आधी विचारा." पुढच्या वेळी, हे त्यांनी म्हटलेलं आईनं तिथल्या तिथं मनात गाठ मारून ठेवलं असणार, कारण परत येताना ती सॅम्युएलची एक चाल गुणगुणत होती.

ती तोटी आता दौंडात माझ्या स्वयंपाकघरात आहे. तिच्यात मी चमचे उभे ठेवते. कितीदा उकळली, तरी पावसाळ्याच्या तोंडाशी एखादी मुंगी तिच्याभोवती घुटमळताना दिसते आणि सून नाक मुरडते. मी मुंगीला मारू देत नाही, सुनेला तसं बजावून ठेवलंय.

सणसवाडीहून आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी नवं खोकं आलं. आई ओट्यावर बसली. घोंगडीचा तुकडा झिजून बोटांएवढा उरला होता, तोच घेऊन ती चोळत होती. आप्पा बाजेवरून उठले. उशाखालची घोंगडी काढली, घरातून कात्री आणली आणि ओट्यापाशी येऊन उभे राहिले.

"कुठनं कापू?"

आईनं वर बघितलं नाही. हात थांबवला नाही. "काठ सोडून," ती म्हणाली. "काठ ऱ्हाऊ द्या. मामंजींनी तो काठ हौसंनं घालून घेतला हुता."

त्यांनी काठ सोडून कापली, फार सांभाळून, जीभ ओठांत धरून. तुकडे तिच्याजवळ रचले. काठ खांद्यावर टाकला. मग ते परत लिंबाखाली गेले, बाजेपाशी थोडं थांबले, आणि बाज उचलून तिचं तोंड ओट्याकडं केलं.